पोचवणारी

ठकूच्या आईला हॉस्पिटलात सगळे 'पोचवणारी' म्हणत. हे नाव पाडलं स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनी; शवागाराची फेरीही त्यांचीच. नवी सिस्टर आली की मामा तिला ओळख करून देत, "आम्हीही माणसं पोचवतो, ताईही पोचवतात. फक्त आमच्या माणसांची रस्त्यात समजूत घालावी लागत नाही." सिस्टर हसायची, ठकूची आईही हसायची. खरं म्हणजे तिला ते नाव आवडायचं.

काम असं होतं. दुखण्यावरच्या जालीम गोळ्या असतात ना, अफूच्या कुळातल्या, त्या अंगवळणी पडलेली माणसं कॅज्युअल्टीत यायची. कुणाला ऑपरेशननंतर सुरू झालेल्या, त्या सुटलेल्याच नसत. कुणाला मित्रानं दिलेल्या. एक दिवस गोळ्या जास्त व्हायच्या, श्वास मंदावायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टर सुई टोचायचे आणि गेलेलं माणूस उठून बसायचं. मग काही तासांनी गोळ्यांवाचून अंग मोडून यायला लागलं, घाम फुटला, की जिभेखाली दुसरी एक गोळी ठेवायची, औषधाची. त्यानं थरथर थांबायची, माणूस माणसात यायचा. पण हे शहाणपण टिकणार फार तर एक दिवस. तेवढ्यात त्यानं पलीकडच्या इमारतीतल्या दवाखान्यात पोचलं पाहिजे. तिथे औषध चालू राहतं, कुणीतरी बोलतं, विचारपूस होते. नाही पोचला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि पुढच्या खेपेला मामांची पाळी.

पूर्वी चिठ्ठी द्यायचे. 'उद्या सकाळी जा, पहिला मजला.' मधे एक अंगण, इकडून कुणी शिंकलं तर तिकडे ऐकू जावं एवढंच अंतर. पण चिठ्ठी घेतलेलं माणूस काही तिकडे पोचायचं नाही. फाटकाजवळच्या कुंड्यांत त्या चिठ्ठ्या सापडायच्या, चुरगळलेल्या. म्हणून ठकूच्या आईची नेमणूक झाली आणि पहिल्या महिन्यातच तिनं आपला नियम केला, चिठ्ठी द्यायची नाही, माणूस न्यायचं. फाटकावर उभं राहायचं, नाही आलं तर घरी जायचं, बरोबर चालत यायचं, दार उघडेपर्यंत शेजारी बसायचं. पुढे सगळं हॉस्पिटल तो नियम सांगायला लागलं.

या कामासाठीच ती जन्माला आल्यासारखी होती. जात्याच धास्तावलेली. ठकू झोपली की बोटाची मागची बाजू तिच्या नाकाशी धरून बघायची. द्राक्षाचे चार तुकडे करायची आणि ते गिळेपर्यंत पोरीच्या गळ्याकडे टक लावून बसायची. "हिला काळजी करायला कारण लागत नाही," सासूबाई म्हणायच्या, "नुसती फुरसत लागते."

त्या रविवारी दुपारी मामांनी स्ट्रेचर आत आणलं तेव्हा ती दारातच होती. बाई होती. घरातला गाऊन, एका पायात चप्पल. शेजारीण धापा टाकत मागून येत होती. "किती हाका मारल्या, उठेचनात हो." निळे ओठ बघून ठकूच्या आईला कळलं हे आपलं माणूस आहे, म्हणजे आपल्या कामातलं. मग तिचं लक्ष बाईच्या हाताकडे गेलं. अंगठ्याच्या नखावर चिकटवलेली चांदणी होती. गुणी पोरांना देतात तसली, लाल.

तसलीच चांदणी शुक्रवारी ठकूच्या कपाळावर होती.

पाळणाघरवाल्या मावशी होत्या त्या. ठकू पाच महिन्यांची असल्यापासून त्यांच्याकडे. आता दीड वर्षाची झालेली ठकू त्यांना 'माऊ' म्हणे आणि संध्याकाळी घरी निघताना त्यांचा गाऊन सोडत नसे.

सुई टोचली. मावशींनी एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा. डोळे उघडले, छताकडे गेले, डॉक्टरांकडे गेले, आणि ठकूच्या आईवर येऊन थांबले. मावशींनी चादर ओढून तोंडावर घेतली.

"ठकूची आई, तुम्ही जा बरं," चादरीतून आवाज आला. "तुम्ही जा."

ती गेली नाही. पण तिला त्यांची कीव आली असं म्हणावं तर तेही खोटं. तिला आला राग. हिच्या मांडीवर माझं पोर निजतं. हिच्या हातचं दूध पितं. ही अशी डोळे मिटून पडली असती आणि ठकू खिडकीत चढली असती तर? ती औषधांच्या कपाटाशी जाऊन उगाच बाटल्या सारख्या करू लागली. सिस्टरनं विचारलं, "ओळखीच्या का?" ती म्हणाली, "शेजारच्या गल्लीत राहतात," आणि ते खोटं नव्हतं म्हणून तिला बरं वाटलं.

पण रागाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि बाटल्या लावता लावता ते वर आलं.

थंडीतली एक संध्याकाळ. ती ठकूला आणायला गेली होती. पाळणाघराच्या जिन्यात दिवे गेलेले, दारात अंधार. अंधारात माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात. मावशींच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मात्र मोहरीच्या दाण्याएवढ्या होत्या. मावशी नाक खाजवत होत्या, हळूहळू, लाडानं खाजवावं तसं, आणि शब्द ओढून ओढून बोलत होत्या. परकं माणूस असतं तर तिनं कॅज्युअल्टीच्या या टोकावरून त्या टोकाला ओळखलं असतं. आणि त्या वेळी ती काय म्हणाली मनाशी? बाईंची झोप झाली नसेल. दुसरं पाळणाघर लांब होतं. तिथे पोरं रडतात, असं ऐकलं होतं. ठकू इथे रडत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी ती डोळे मिटून मूल ठेवत राहिली. जगाच्या द्राक्षांचे चार तुकडे करणारी बाई.

संध्याकाळपर्यंत मावशींना थंडी वाजून आली, जांभया आणि घाम सुरू झाला. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली. तासाभरात चेहरा निवळला. कंबर गेली दोन वर्षं दुखते, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, पोरं उचलून उचलून. आधी एक गोळी, मग दोन, मग कंबर नाही दुखली तरी. शेजारीण चहा प्यायला गेली तेवढ्यात सांगितलं हे, आणि भिंतीकडे बघून.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "तयार आहेत. रात्री घरी सोडतो. उद्या सकाळी तुम्ही नेताय ना?"

"हो," ठकूची आई म्हणाली.

मग ती खाटेपाशी गेली आणि जे तिनं आजवर कुणाच्या बाबतीत केलं नव्हतं ते केलं. खिशातून चिठ्ठी काढली.

"पलीकडची इमारत, पहिला मजला. सकाळी उघडतो, एकला बंद होतो. जाल ना?"

मावशींनी चिठ्ठी घेतली. "तुम्ही नसणार?"

"मला उद्या यायला जमणार नाही. ठकूला जरा बरं नाही."

"परवा तर उड्या मारत होती. ताप आहे?"

"थोडा."

"ओली घडी ठेवा," मावशी म्हणाल्या. "कपाळावर नका ठेवू, ती ओढून टाकते. काखेत ठेवा, हळूच. गाणं म्हणत."

ठकूची आई बरं म्हणाली आणि निघाली.

घरी तिनं जाहीर केलं की ठकू उद्या पाळणाघरात जाणार नाही. मावशींची कंबर धरलीय, आणि मीही घरीच आहे. खरं कारण सांगायची मुभा नव्हती. पेशंटचं गुपित फोडायचं नसतं. पण गुपित राखताना एवढं हलकं वाटू नये, ते वाटत होतं.

नवऱ्यानं विचारलं, "आणि तुझं ते पोचवायचं काम?"

"बघतील दुसरे."

दुसरं कुणी नव्हतं. त्यालाही ते माहीत होतं, पण त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

सासूबाई मात्र गप्प बसेनात. "कंबर धरलीय म्हणजे काय साधं दुखणं आहे? एकटी बाई. आपलं पोर दिवसभर कडेवर घेऊन फिरते. तू आईच्या जातीची ना? जाऊन बघून ये की. मला वाटलं काळजी म्हणजे तुझा हातखंडा."

"जाईन," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ठकू दाराशी चपला घेऊन उभी राहिली. "माऊ," म्हणाली. आज माऊ नाही, आई म्हणाली. ठकू एक चप्पल घालून बसली आणि दुसरी आईच्या मांडीवर ठेवली. पुन्हा म्हणाली, "माऊ." तिला चॉकलेट दिलं. तिनं ते खाल्लं आणि चिकट हातानं परत चप्पल उचलली.

उन्हं घरात आली तेव्हा ठकूच्या आईनं पलीकडच्या दवाखान्यात फोन लावला. काल अमुक अमुक बाई पाठवल्या होत्या, आल्या का?

"पाठवल्या?" तिथली सिस्टर म्हणाली. "तुम्ही आणता ना?"

"या वेळी पाठवल्यात."

"पाठवलेलं कुणी येत नाही ताई. आम्हाला तुम्हीच शिकवलंत हे." सिस्टर सहज बोलली, मनात काही न ठेवता. मागे कुणीतरी खोकत होतं. "आम्ही एकपर्यंत आहोत. यायच्या असल्या तर येतील."

तिनं ठकूला सासूबाईंच्या ओटीत टाकलं आणि घरातल्याच कपड्यांनिशी निघाली. खांद्यावर ठकूनं सकाळी दूध ओकलं होतं त्याचा डाग तसाच. निळा कोट नाही, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र नाही. रस्त्यात तिच्या डोळ्यापुढे एकच चित्र होतं, बंद दार आणि आतून उत्तर नाही. औषधाचा जोर दुपार उलटता उलटता ओसरणार. मग मावशी पुन्हा गोळ्या काढणार, आणि आता एकटीनं.

पाळणाघराच्या दारावर कागद लावला होता. 'कंबरेच्या दुखण्यामुळे पाळणाघर बंद. क्षमस्व.' दार नुसतं लोटलेलं होतं.

आत सगळं आवरलेलं. छोट्या गाद्या घडी करून भिंतीशी, खेळणी धुऊन टॉवेलवर वाळत घातलेली. आणि त्या एवढ्याशा लाकडी खुर्च्यांपैकी एकीवर, गुडघे छातीशी आलेले, मावशी बसल्या होत्या. बाहेरची साडी, मांडीवर पर्स, पायांत चपला. निघायच्या तयारीत, किंवा परत आलेल्या.

"जाऊन आले," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत. तिथला माणूस म्हणाला कुठे जायचंय. सरळ प्रश्न. पण तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तो म्हणाला पहिला मजला. मी म्हटलं, हो, पण चष्मा घरी राहिला."

त्या हसल्या. मग त्यांनी हसणं थांबवलं.

"ठकूचा ताप उतरला?"

"नव्हता ताप."

"ते कळलं होतं मला. ताप असता तर तुम्ही काल कामाला आलाच नसतात. ठकूची आई ती, पोराला शिंक आली तरी मला तीन फोन." थोडा वेळ त्या पर्सचा चाप उघडत मिटत राहिल्या. "तुम्ही नेणं बंद कराल, ते मी समजू शकते. पण त्या आधी मी बंद केलंय. सकाळी सगळ्यांना कळवलं. तेवढं माझ्या खात्यात राहू द्या."

"पोरं असताना घेत होतात?" ठकूच्या आईनं विचारलं. विचारायचं नव्हतं. हे विचारायचं नसतं पहिल्या दिवशी, तिनंच नव्या लोकांना शिकवलं होतं.

"नाही," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोनदा घेतल्या. पोरं झोपली होती दोन्ही वेळेला. मी दाराला पाठ लावून बसले, म्हणजे कुणी बाहेर जाणार नाही. ठकू त्यातल्या एकदा होती. आता हवं तर मारा मला."

ठकूची आई त्या टॉवेलवरच्या खेळण्यांकडे बघत राहिली. एक रबरी बदक. त्याची चोच ठकूनं चावून चावून पांढरी केलेली. तिला मारावंसं वाटलं, खरंच वाटलं.

"एक बोलू?" मावशी म्हणाल्या. "जिन्यातले दिवे गेले होते त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या डोळ्यांत बघितलंत. मला कळलं तुम्हाला कळलं. तुमचा धंदाच तो. मला वाटलं, सुटले एकदाची, आता ही बाई बोलणार. रात्रभर मी तयारी केली, काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, ठकूला माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, मावशी, हिचे मोजे दुपारी बदला."

बाहेर रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली. ठकूच्या आईला वाटलं, काहीतरी म्हणायला हवं. मला खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं. खात्री होती. माझीही नोकरी आहे, असं म्हणता आलं असतं, आणि ते तर सगळ्यांत वाईट. चाललेली चोरी बघून ज्यानं दिवा मालवला त्याला पोलीस म्हणून कोण विचारणार?

"मी बदलले मोजे," मावशी म्हणाल्या, तिची अवस्था बघून, जणू तिलाच समजावायला.

"घरात गोळ्या आहेत?" शेवटी ठकूची आई म्हणाली. आवाज आपला वाटेना.

"आहेत. वरच्या फळीवर, तांदळाच्या मागे. पोरांचा हात पोचत नाही. तिन्हीसांजेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं."

"काढा. तिकडे देऊन टाकू. आणि उठा, पाऊण वाजलाय."

"लोक असतील."

"असतील."

फाटकावरच्या माणसानं दोघींकडे बघितलं, ठकूच्या आईला ओळखलं, आणि काही विचारलं नाही. पहिल्या मजल्यावर लांब बोळ. सुरुवातीला डोळ्यांचा विभाग, तिथे औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या माणसांच्या रांगा. पुढे दातांच्या विभागाचं बंद दार, आणि अगदी टोकाला आपला दवाखाना. त्या दारापाशी एकच बाक. डोळ्यांवाल्यांना जागा नसली तरी ते उभे राहत, त्या बाकावर बसत नसत. तिथे बसलं की कशासाठी आलात ते सगळ्या बोळाला कळतं. ठकूची आई त्या बाकावर दिवसाआड बसत होती. निळ्या कोटात.

सिस्टरनं नंबराचा बिल्ला दिला आणि, "बसा, आत एक जण आहेत," म्हणाली. दोघी बसल्या. मावशींचा गुडघा हलायला लागला होता.

"अगंबाई, मावशी?"

पाळणाघरातल्या जुळ्यांची आई होती. सासऱ्यांचा हात धरून डोळ्यांच्या रांगेतून निघाली होती, त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी. "आत्ता सकाळी तुमचा निरोप आला, कंबर धरलीय म्हणून. आमची तारांबळ उडाली. आणि तुम्ही इकडे कशा?" बोलता बोलता तिची नजर दारावरच्या पाटीवर गेली. पाटी वाचून झाल्यावर नजर बाकाकडे आली, दोघींकडे, एकीकडून दुसरीकडे. "ठकूची आई, तुम्ही पण?"

मावशींचा गुडघा थांबला. सगळंच थांबलं. ठकूच्या आईला दिसलं की मावशी आता उठणार, चष्मा विसरला म्हणणार आणि कायमच्या जाणार. बिल्ला मावशींच्या हातात होता. तिनं तो काढून आपल्या मुठीत घेतला.

"मावशी माझ्यासोबत आल्यात," ती म्हणाली. "मला एकटीला यायचा धीर होईना."

जुळ्यांच्या आईनं तिच्याकडे बघितलं. आधी बिल्ल्याकडे, मग खांद्यावरच्या दुधाच्या डागाकडे, विस्कटलेल्या केसांकडे, आणि शेवटी सरळ डोळ्यांत, बाहुल्यांत. अशा नजरेनं ठकूच्या आईनं आजवर कितीतरी लोकांना तपासलं होतं. ती लागते कशी, ते तिला ठाऊक नव्हतं. कान तापले. मी इथे नोकरीला आहे हो, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. संध्याकाळपर्यंत हे पाळणाघरातल्या प्रत्येक आईला कळेल. उद्या सासूबाईंना. दीड वर्षाच्या पोरीची आई, आणि गोळ्या. बघा बाई, दिसते किती सोज्वळ.

"बरं बरं," जुळ्यांची आई म्हणाली. "काळजी घ्या हं." आवाजात एवढी दया होती की ठकूच्या आईला ती पुसून टाकावीशी वाटली. "चला मामंजी, सांभाळून."

सासरेबुवा उघड्या डोळ्यानं मागे वळून वळून बघत गेले.

"कशाला केलंत?" मावशी पुटपुटल्या.

ठकूच्या आईनं बिल्ल्यावरचा नंबर वाचला. तिला स्वतःचं मोठेपण वगैरे काही वाटत नव्हतं, फक्त उठून पळावंसं वाटत होतं. आत जाऊन तोंड लपवावं एवढंच. नंबर पुकारला गेला आणि ती उठली. बाकापासून दारापर्यंतचं ते अंतर. पाठीवर सबंध बोळाची नजर, डोळ्यांत औषध घातलेल्यांचीसुद्धा. हे अंतर आपण लोकांना 'चला चला, दोन पावलं तर आहेत' म्हणत चालायला लावतो. तिचे पाय दारापाशी अडले. मागून मावशींचा हात आला, पोराला जिन्यावर धरतात तसा कोपराखाली, आणि त्या हातानं तिला पुढे ढकललं.

आत डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. समोर खुर्ची एकच.

"बसा. पेशंट कोण?"

दोघी उभ्या राहिल्या. डॉक्टरांचं लिहिणं चालूच होतं. ठकूच्या आईच्या मुठीत बिल्ला घामानं भिजला होता. बाहेर जे सहज बोलून गेली ते इथे बोलून भागणार नव्हतं. इथे मावशींनीच बोलायला हवं होतं, आणि त्या बोलल्या नाहीत तर ती काहीही करू शकत नव्हती.

"मी," मावशी म्हणाल्या. पर्समधून गोळ्यांची पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, आणि खुर्चीत बसल्या.

ठकूची आई भिंतीला टेकली. पेशंट आपण नव्हेच, असं मनात आलं तिच्या, आणि किती सुटल्यासारखं वाटलं. तेवढंही वाटायला नको होतं. ती मान खाली घालून उभी राहिली, डॉक्टर विचारत होते त्याची मावशी एकेक करून उत्तरं देत होत्या.